वेझनोला एक संत हवा होता

१ ऑक्टोबर, पोक्रोव्हचा, म्हणजे देवमातेच्या पदराचा सण. जगाच्या निर्मितीपासूनचं वर्ष ६७७४.

आज सभेची घंटा वाजली आणि आम्ही आमच्या राजाला हाकलून दिलं. याचा गुन्हा असा की जर्मन सरदार तळ्यापलीकडची गावं जाळत होते तेव्हा हा डुकराच्या शिकारीला गेला होता. याच्या आधीचा शिकारीला जात नसे, पण लढायलाही जात नसे. त्याच्या आधीचा लढायला गेला आणि तिकडचाच झाला.

वेझनो तसं भाविक गाव आहे. राजाला घालवतानाही आम्ही वाटेसाठी पाव आणि मीठ देतो, आणि मी, त्रैक्याच्या देवळाचा डीकन, म्हणजे धाकटा पुजारी, किप्रियान, वेशीवर उभा राहून प्रवासाची प्रार्थना म्हणतो. माझ्या आवाजाची सगळे तारीफ करतात. फेदोस्या, म्हणजे माझी बायको, म्हणाली, ही प्रार्थना आता तुम्हाला झोपेतसुद्धा येत असेल. तिला माझ्या पाठांतराचं कौतुक आहे.

५ ऑक्टोबर

पश्चिम वेशीवर लिथुआनी आले आहेत. बायकामुलं, गाड्या, घोडे, सगळं घेऊन. त्यांचा सरदार स्किरमंत उंच, रोडावलेला, फार बोलत नाही. त्याची हकिगत अशी: त्यांच्या बड्या राजाने याची बायको रिमगैले उचलून नेली आणि स्वतःची राणी करून ठेवली. याने काही काळ मान खाली घालून त्याचीच चाकरी केली, आणि मग एका मोहिमेत वाट पाहून त्याला मारलं. बायको मात्र याच्या हाती आली नाही. ती लहान मुलासकट राजाच्या भावाकडे, गेदवीलकडे अडकली. आता हा आसरा मागतोय.

आमचे नगरप्रमुख त्वेर्दिस्लाव फार दूरदृष्टीचे. ते म्हणाले, "याला लढता येतं आणि याला परत जायला जागा नाही. असा राजा आपल्याला शोधून सापडला नसता." अडचण एवढीच की तो झाडांना आणि विजेला नमस्कार करतो. त्यावर त्वेर्दिस्लाव म्हणाले, "ते धुऊन निघेल. डीकनबुवा, तुमची आजी तिकडची होती ना? तुम्हाला भाषा येते. निकोलाच्या सणापर्यंत याला ख्रिस्ती करा."

देवाने मला उगाच तिकडची आजी दिली नव्हती.

२० ऑक्टोबर

शिकवणी सुरू आहे. तो मला गुरुजी म्हणतो. बुद्धी बरी आहे, पण प्रश्न फार.

आज मी सांगितलं की बाप्तिस्म्याच्या पाण्याने आधीची सगळी पापं जातात. त्याने विचारलं, धन्याला मारलं तेही? मी म्हटलं, तेही. तो म्हणाला, "गुरुजी, ते जाऊ नये. मी ते लक्षात ठेवायचं ठरवलंय." मी त्याला समजावलं की तसं ठरवण्याचा अधिकार त्याला नाही, पाप जाणार म्हणजे जाणार. या लोकांना क्षमेचा अर्थच कळत नाही.

दुसरी अडचण म्हणजे त्याने टोपलीतून साप आणला आहे. गवती साप, विष नसलेला. त्यांच्यात म्हणे घराची राखण असते ती. रोज त्याला दूध लागतं. मी सांगितलं, त्याला मारावं लागेल. त्याने टोपली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तुम्हीच मारा, तुम्हाला रीत माहीत असेल."

२१ ऑक्टोबर

साप आमच्या गोठ्यात आहे. फेदोस्या म्हणाली, उंदीर कमी होतील. मठाधिपतींना मी कळवलं आहे की मूर्तिपूजेचा सर्प राजवाड्यातून कायमचा गेला. ते खरंच आहे.

६ डिसेंबर, संत निकोलाचा दिवस

आज नदीचा बर्फ फोडून बाप्तिस्मा झाला. पाण्यात उतरल्यासारखे सगळ्या गावाचे दात वाजत होते, आणि गाव काठावरच उभं होतं. स्किरमंत निमूट उतरला, तीनदा बुडला आणि अर्सेनी होऊन बाहेर आला. त्याच्या शिपायांचं मात्र विचित्र झालं. पहिल्याचं नाव इवान ठेवलं. दुसऱ्याने ते ऐकलं, तो थंडीने निळा पडला होता, म्हणाला, मलाही तेच चालेल. मग सगळ्यांनाच तेच चाललं. मठाधिपतींचीही बोटं गारठली होती. आता राजाची सगळी पलटण इवान आहे. बुद्रीस नावाचा त्याचा म्हातारा घोडेवाला तेवढा हाक मारल्यावर विचारतो, "कुठला?"

दुपारी सभेने अर्सेनीला राजा निवडलं. भाकरी, मध, खारवलेले मासे, सगळं यथास्थित झालं. मी केलेलं काम लोकांच्या लक्षात आल्यासारखं वाटलं. थोरल्या डीकनची जागा लवकरच रिकामी होणार आहे.

१४ जानेवारी

राजाने नवीन हुकूम काढला आहे. तटावर पहारा प्रत्येक घराने पाळीपाळीने द्यायचा. गरिबाच्या घराने आणि नगरप्रमुखाच्याही. त्वेर्दिस्लाव फार दुखावले. ते म्हणाले, राजा आपण ठेवतो तो आपल्याला भिंतीवर जावं लागू नये म्हणून. मी राजाला ही बाजू समजावली. तो म्हणाला, "गुरुजी, भिंत दगडाची आहे. तिला डोळे नाहीत."

आमची पाळी मंगळवारी. माझी कंबर धरली आहे, त्यामुळे फेदोस्या जाईल. ती भाला धरते तो लाटण्यासारखा, पण तिला वर हवा आवडते म्हणे.

३ मार्च, मोठा उपवास

राजा उपास अक्षरशः पाळतोय. दिवसातून एकदाच कोबीचं पाणी आणि काळा पाव. मठाधिपतींना याचा फार त्रास झाला, कारण ते जेवायला राजवाड्यावर होते. मी या सगळ्याकडे माझ्या शिकवणीचं फळ म्हणून पाहतो.

न्यायदानातही तो आमची रीत पाळत नाही. त्वेर्दिस्लावांच्या भाच्याने एका विधवेची गाय नेली होती. यापूर्वी असे खटले पुढच्या वर्षावर जात आणि तोवर गाय म्हातारी होई. याने भाच्याला बोलावलं, गाय आणवली आणि त्यालाच ती विधवेच्या दारापर्यंत हाकायला लावली, भर बाजारातून. लोक हसले. राजाने लोकांना हसण्याचं कारण देऊ नये, असं मला वाटतं. फेदोस्याने मात्र त्या दिवशी त्याच्यासाठी मशरूमची कचोरी करून पाठवली, उपासाची.

१९ मे

गेदवील आला आहे.

पूर ओसरल्याबरोबर नदीच्या पलीकडच्या कुरणात त्याने तळ ठोकला. एवढे घोडे मी कधी पाहिले नव्हते. निरोप असा आला: माझ्या भावाच्या खुन्याला द्या, मी निघून जातो. नाही दिलात तर वेझनो जाळतो.

गावात कुणी जेवलं नाही. फक्त राजा जेवला आणि तटावर फिरून आला.

२० मे

राजाला न कळवता सभा भरली. घंटेला कापड गुंडाळून ती वाजवली. कुणालाच ऐकू गेली नाही, म्हणून माणसं घरोघर पाठवावी लागली.

त्वेर्दिस्लाव अप्रतिम बोलले. अर्सेनीवर आपलं किती प्रेम आहे हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. पण प्रेम एका बाजूला आणि मुलंबाळं एका बाजूला. शेवटी तो आहे तिकडचाच, आणि हे त्यांचं घरचं भांडण आहे. मग त्यांनी मला हळूच विचारलं, शास्त्रात याला आधार मिळेल का. मला लगेच आठवला. सगळ्या लोकांचा नाश होण्यापेक्षा एकाने जावं, अशा अर्थाचं वचन आहे, आणि मी ते पूर्ण आवाजात म्हणून दाखवलं. लोकांना केवढा धीर आला. सर्वांनी हात वर केले. ठरलं असं की उद्या दुपारची उपासना झाल्यावर राजाला सन्मानाने वेशीबाहेर पोचवायचं.

घरी आल्यावर फेदोस्याने विचारलं, "ते वचन कुणाच्या तोंडचं आहे हो?"

मी पाहिलं. प्रभूला पकडून द्यायचं ठरलं, त्या बैठकीतल्या मुख्य पुजाऱ्याच्या तोंडचं आहे.

तिने ताट आपटलं. वचन शास्त्रातलंच आहे. कोण बोललं हा तपशिलाचा भाग झाला.

२० मे, संध्याकाळच्या प्रार्थनेआधी

आज दुपारी जे ऐकलं ते आधी लिहून काढतो.

गेदवीलने दूत पाठवला, आणि तो दूत म्हणजे राजाची बायको निघाली, रिमगैले. वेशीलगतच्या जकातघरात दोघांची भेट झाली. त्वेर्दिस्लावांनी मला धर्माचा साक्षीदार म्हणून आत बसवलं, म्हणजे त्यांच्या भाषेत काय चाललंय ते कळावं. मी कोपऱ्यात जपमाळ ओढत बसलो. ती दमलेली होती. डोक्याचा रुमाल चिखलाने भरला होता. दोघं मध्ये बाक ठेवून उभी राहिली, बसली नाहीत.

ती म्हणाली, "मी आलेली नाही. मला पाठवलंय."

तो म्हणाला, "माहीत आहे. सांग."

तिने पाठ केल्यासारखं सांगितलं. आज किंवा उद्या अंधार पडल्यावर पश्चिम वेशीचा अडसर काढायचा. त्याबदल्यात त्याचा वाडा, त्याची जमीन आणि ती स्वतः, सगळं परत. गेदवील भावाचा खून विसरेल. त्याला वेझनो हवंय.

त्याने विचारलं, "मुलगा?"

"तीन वर्षांचा झाला. त्यांच्या तळावर आहे. मी परत जावं म्हणून त्याला ठेवून घेतलंय." ती पुढे म्हणाली, "मुलगा तुमचा नाही. सांगायला हवं."

"तुझा आहे ना," तो म्हणाला.

मग ती पाठ केलेलं सोडून बोलली. "मी वेशीतून आत आले तेव्हा एकही माणूस तुमच्या शिपायांच्या नजरेला नजर देत नव्हता. हे लोक तुम्हाला देणार आहेत."

"उद्या दुपारी. उपासना झाल्यावर." राजाने हे सांगताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला कुणी सांगितलं मला माहीत नाही. घंटेचं कापड बहुतेक पातळ होतं.

"मग कशाला थांबलात?"

तो म्हणाला, "एकदा तुझ्यासाठी मी ज्याचं मीठ खाल्लं त्याला मारलं. आता यांचं मीठ खातोय. तुझ्यासाठी पुन्हा तेच केलं तर तू माझ्याजवळ राहशील, पण रोज सकाळी तुला माझ्याकडे बघावं लागेल."

ती म्हणाली, "आणि यांनी विकलं तर?"

"विकू देत. ते त्यांचं त्यांनी बघावं."

मला इथे नोंदवलं पाहिजे की माझी निराशा झाली. एवढं शिकवूनही बाप्तिस्म्याच्या शपथेचा त्याने उल्लेख केला नाही, आत्म्याच्या तारणाचा नाही. मिठाचा केला.

जाताना तो तिला म्हणाला, "उद्या सकाळी गाडीतून खाली उतरू नकोस. मुलालाही उतरू देऊ नकोस. काही ऐकू आलं तरी." तिने त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि रुमाल नीट करून निघून गेली. त्यांच्यात निरोपाची अशी काही रीत असावी.

मी त्वेर्दिस्लावांना सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. ते म्हणाले, "बायको, जमीन आणि वाडा? याला कुणी नाही म्हणत नाही. तो वेश उघडणार. दुपारपर्यंत थांबू नका, सकाळच्या उपासनेनंतरच नेऊ."

२१ मे

आज काय झालं ते क्रमाने लिहितो, कारण गावात आत्ताच त्याच्या निरनिराळ्या हकिगती फिरायला लागल्या आहेत.

सकाळी दाट धुकं होतं. पश्चिम वेशीवरचा पहारा आमच्या घराचा होता, म्हणजे फेदोस्याचा. उजाडता उजाडता राजा आणि त्याचे सगळे इवान घोडे हातात धरून आले. राजा तिला म्हणाला, "वहिनी, दार उघडता का?" हिने विचारलं, कुठे निघालात. तो म्हणाला, घोड्यांना पाणी पाजायला. हिने अडसर काढला. एवढंच नाही, त्याला कमरेची भाकरी सोडून दिली.

राजा पळाला आणि त्याला वाट माझ्या बायकोने दिली, असं गाव म्हणणार. मी तिला म्हटलं, एवढ्या धुक्यात कुणी घोड्यांना पाणी पाजतं? ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. मी बाईमाणूस."

तटावर धावलो. सगळं गाव आधीच तिथे होतं. पलीकडे काहीच दिसत नव्हतं. मग धुक्यातून एक शीळ आली, लांबलचक, शेवटी वर चढणारी. मग दुसरी. आणि नदीपलीकडे खुरांचा असा आवाज उठला की आम्हाला वाटलं चढाई झाली. मठाधिपती खाली बसले.

नंतर कळलं ते असं. गेदवीलचे निम्मे घोडे मुळात स्किरमंतच्याच तबेल्यातले होते, त्याचा वाडा लुटला तेव्हा नेलेले. सकाळी ते कुरणात चरायला मोकळे होते. म्हाताऱ्या बुद्रीसने वाढवलेले ते घोडे त्याची शीळ ओळखतात. शीळ ऐकली आणि ते निघाले, आणि ते निघाले म्हणून बाकीचेही निघाले. सगळा कळप नदी ओलांडून आमच्या बाजूला आला. गेदवीलचे शूर वीर अनवाणी त्यांच्यामागे धावत होते. नदीच्या उथळ पाण्यापाशी राजाच्या माणसांनी त्यांना गाठलं. थोडी लढाई झाली, फार नाही. चिलखत घालायला कुणाला वेळच मिळाला नव्हता. गेदवीलच्या खांद्यात भाला बसला.

धुकं विरलं तेव्हा आम्ही पाहिलं, त्यांची उरलेली सेना पायी पश्चिमेला निघाली होती आणि आमचा राजा घोड्यावर, त्यांच्या बगलेला. मनात आणलं असतं तर एकही सुटला नसता. त्वेर्दिस्लाव तटावरून ओरडत होते, कापा म्हणून. राजा हलला नाही. शेवटी बैल जोडलेली एक गाडी उतारावरून गेली. राजा घोड्यावरून उतरला आणि ती झाडीआड जाईपर्यंत खालीच उभा राहिला. मला वाटतं त्याच्या खोगिराचा पट्टा सैल झाला असावा.

तो परत आला तेव्हा वेशीवर पाव आणि मीठ घेऊन त्वेर्दिस्लाव स्वतः उभे होते. ते म्हणाले, "महाराज, कालच्या सभेत आम्ही आपल्यालाच सगळी सूत्रं द्यायचं ठरवलं होतं." राजाने पाव मोडला, मिठात बुडवला, खाल्ला आणि म्हणाला, "बरं आहे मीठ."

मी गावात सांगितलं की वेश आमच्या घराने उघडली.

१८ एप्रिल, वर्ष ६८००

मधल्या वर्षांत मी फारसं लिहिलं नाही. सांगण्यासारखं काही घडलं नाही. राजा होता, तटावर पहारा होता, जर्मन दोनदा येऊन परत गेले, आणि घोडे तळ्याकाठी चरत होते. साप मेल्यावर फेदोस्या दोन दिवस गोठ्यात गेली नाही. मी थोरला डीकन झालो.

परवा राजा गेला. गावात तापाची साथ आहे. आजाऱ्यांच्या घरी जायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा तो स्वतः बादल्या घेऊन पाणी पोचवत होता. या वयात त्याने हे करायला नको होतं. शेवटी जवळ मी आणि बुद्रीस होतो. मी म्हटलं, महाराज, राहिलेलं पाप सांगून टाका. तो म्हणाला, "तेच आहे, गुरुजी. पहिलंच." मी पुन्हा सांगितलं की ते नदीत गेलं. तो हसला आणि माझ्या हातावर हात ठेवला, मीच आजारी असल्यासारखा.

२ जून

त्वेर्दिस्लाव आता फार थकले आहेत, पण दूरदृष्टी तशीच आहे. शेजारच्या गावाला संत आहे आणि सगळे यात्रेकरू, व्यापारी तिकडे वळतात. आमच्याकडे कुणी नाही. त्यांनी सभेत विचारलं की आपण काय पाप केलंय. सभेने अर्सेनीला संत करायचं ठरवलं, एकमताने. त्याचं चरित्र लिहायचं काम माझ्याकडे आलं.

चमत्कार हवेत. मी लोकांना विचारत फिरतोय. विधवेने गाईची गोष्ट सांगितली. तो चमत्कार धरता येत नाही. बुद्रीस म्हणाला, "घोड्यांना दाणा घातल्याशिवाय ते कधी जेवले नाहीत." मी त्याला समजावलं की चमत्कार म्हणजे अशक्य गोष्ट. तो म्हणाला, "मग दुसरा कुठला राजा तसा दाखवा." म्हाताऱ्यांना विषय कळत नाही. शेवटी त्वेर्दिस्लावांचा गुडघा कबरीला टेकल्यावर बरा झाला. ते स्वतःच साक्षी आहेत.

२५ जुलै

चरित्र पुरं झालं. मला वाटतं चांगलं उतरलं आहे. राजाने शत्रूला जाऊ दिलं तिथे मी लिहिलं की क्षमेने त्याचं हृदय भरून आलं आणि तो घोड्यावरून उतरून प्रार्थना करू लागला. त्याने पुन्हा लग्न केलं नाही तिथे लिहिलं की देहाचे मोह त्याला लहानपणापासूनच नव्हते. शेवट मी विशेष मेहनतीने केला: मरणानंतरही संत अर्सेनी वेझनोच्या तटावर उभा आहे, आणि जिथे तो उभा आहे तिथे दुसऱ्या पहारेकऱ्याची गरज नाही.

फेदोस्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांनी लग्न का केलं नाही ते तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलंय."

मी म्हटलं, ऐकलंय, पण ते वाचायला बरं दिसत नाही.

"आणि शेवटचं वाक्य?"

मी म्हटलं, ते तर सगळ्यांत बरं दिसतं.

९ सप्टेंबर

जर्मन सरदार पुन्हा हलले आहेत. तळ्यापलीकडे धूर दिसतोय. आम्हाला राजा नाही. सभा भरली आणि त्वेर्दिस्लावांनी चरित्राचं शेवटचं पान मागवलं. ते मलाच वाचायला लावलं. मग ते म्हणाले, संताची तसबीर पश्चिम तटावर लावू. जिथे तो उभा आहे तिथे दुसऱ्या पहारेकऱ्याची गरज नाही, हे डीकनबुवांनी लिहिलेलंच आहे. आजपासून घरटी पहारा बंद.

लोकांना जो आनंद झाला तसा मी ईस्टरलाही पाहिलेला नाही.

मी उभा राहिलो. म्हटलं, मंडळी, ते लिहिण्याच्या ओघात आलेलं आहे. त्याचा तसा अर्थ घ्यायचा नसतो. कुणीतरी मागून विचारलं, म्हणजे संत खोटा? दुसरा म्हणाला, की डीकन खोटा? मी खाली बसलो.

११ सप्टेंबर

काल तसबीर तटावर लावली. धूपआरती झाली, सगळे घरी गेले. आज सकाळी फेदोस्या कधी उठली मला कळलं नाही. शेगडी थंड होती. कोपऱ्यातला भाला नव्हता.

मी वर गेलो. कशासाठी गेलो हे नीट सांगता येत नाही. तसबिरीचा रंग ओला आहे, वाऱ्याने खराब होईल, असं काहीतरी मनात होतं. फेदोस्या तिच्या नेहमीच्या जागी उभी होती. पाऊस लागला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, सरकली आणि म्हणाली, "तुम्ही त्या बुरुजाकडे बघा. मला आता लांबचं दिसत नाही."

मी बुरुजाकडे बघितलं. तिथे बुद्रीस होता. त्याच्या पलीकडे दुसरा इवान, त्याच्या पलीकडे तिसरा. हयात होते तेवढे सगळे, पांढऱ्या दाढ्या, गंजलेली शिरस्त्राणं. विधवा त्याच गाईची नात गोठ्यात बांधून वर आली होती आणि तेल तापवत होती. फेदोस्याने भाला माझ्याकडे दिला. भाला फार जड असतो. मला हे माहीत नव्हतं.

जर्मन घोडेस्वार झाडीतून बाहेर आले. ते बराच वेळ तटाकडे बघत उभे राहिले. पावसात त्यांना आमची वयं दिसली नसावीत. डोकी दिसली. बुद्रीसने खालच्या तबेल्याकडे बघून शीळ घातली आणि आतले घोडे सगळे एकदम खिंकाळले. गावात केवढी फौज आहे असं त्यांना वाटलं असेल. त्यांच्यातला एक काहीतरी बोलला. मग ते वळले आणि तळ्याच्या काठाने उत्तरेला गेले. आम्ही संध्याकाळपर्यंत तसेच उभे होतो, कारण खाली उतरायचं कसं हे कुणाला सुचत नव्हतं.

१४ सप्टेंबर, क्रुसाचा सण

आज देवळात आभाराची उपासना. पाय ठेवायला जागा नव्हती. संत अर्सेनीच्या नव्या चमत्काराचं वाचन माझ्याकडे होतं. मजकूर त्वेर्दिस्लावांनी सांगितला, भाषा माझी. शत्रू आला तेव्हा तटावर एकही माणूस नव्हता, फक्त संत होता, आणि त्याच्या नुसत्या दर्शनाने ते पळाले.

मी वाचायला लागलो. फेदोस्या बायकांच्या पुढच्या रांगेत होती. पावसात उभं राहून तिची छाती भरली आहे. "एकही माणूस नव्हता" पाशी तिला खोकला आला. तो तिने दाबला नाही. मागे दाराजवळ बुद्रीस खोकला, मग दुसरा इवान, मग विधवा. मी आवाज चढवला. ते खोकतच राहिले, पाळीपाळीने, एक थांबला की दुसरा. लोक मागे वळून बघायला लागले. त्वेर्दिस्लावांनी मला पुढे चला अशी खूण केली.

शेवटच्या ओळीपाशी मी पोचलो आणि माझाही घसा धरला. मी तिथेच, पोथी हातात धरून, सगळ्या वेझनोसमोर बराच वेळ खोकत होतो.